कवड्याचा चौथा पाय

धरणगावाजवळच्या एका खेड्यात आधार पाटलाचा कवड्या नावाचा कुत्रा होता. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून कवड्या. उभा जन्म त्याने कपाशीच्या राखणीत घालवला. विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं, तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याची शेपूट पट्ट्यात सापडेल या काळजीने आधारने त्याला घरी आणून लिंबाखाली बांधलं. भाकरी, दूध, सावली, सगळं जागेवर. आधार म्हणायचा, "आता त्याने आराम करावा."

आराम करता करता कवड्या लंगडू लागला. पुढचा डावा पाय तो टेकवेना.

आपल्याकडे बैल लंगडला की डाग, वासरू लंगडलं की डाग. आधारनेही गावात डाग देणाऱ्या जीवरामला बोलावलं. चुलीत विळा लाल होऊ लागला. कवड्या मात्र जीवरामचा हात चाटत होता.

तेवढ्यात आधारची आई, आक्काबाई, काठी टेकत ओट्यावर आली.

"काय व्हयनं रे त्याले?"

"काही नाही माय, वय व्हई गयं त्यानं," आधार म्हणाला.

"त्याना चारी पाय एकच दिनले जन्मनात ना? मंग तीन पाय तरना नि एकच म्हातारा कसा शे?"

जीवराम हसला. "आक्का, डाग दिधा का चारी तरना व्हतीन."

आक्काबाईने लुगडं जरा वर करून जीवरामला गुडघा दाखवला. त्यावर जुना, काळा चट्टा होता. "हाई देख. तुना बापनी दिधेल डाग शे हाऊ. बठ्ठं गाव म्हणे, पाय बरा व्हई. कातडी जळनी, नि गुडघा अजून दुखस."

जीवराम खाली पाहू लागला. आधारने चुलीतून विळा काढला, पाण्यात बुडवला आणि बैलगाडी जुंपली.

धरणगावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी पायाला हातच लावला नाही. विचारलं, "केव्हापासून लंगडतो? झोपून उठल्यावर जास्त, की चालून आल्यावर?"

"चालतो कुठे? बांधलेलाच असतो," आधार म्हणाला.

मग डॉक्टरांनी खांद्यापासून खाली हळूहळू चाचपलं. पंज्याच्या वर, आतल्या बाजूच्या केसांत बोट जाताच कवड्या कळवळला. केस बाजूला केले, तर काय! अंगठ्याचं नख अंगठीसारखं वळून मांसात शिरलं होतं!

डॉक्टर म्हणाले, "शेतात होता तेव्हा उकरून उकरून नखं झिजत होती. तुम्ही आराम दिलात, नखांनी वाढ घेतली. म्हातारं कुत्रं लंगडलं तर काटा असतो, मुरगळ असते, सांध्यांची झीज असते, कधी हाडात गाठही असते. काही बरं होतं, काही होत नाही. पण पाहिल्याशिवाय कसं कळणार? याचे मागचे सांधेही थोडे आखडलेत. गोणपाटावर निजवा, रोज थोडं फिरवा."

"आणि डाग दिला असता तर?"

"तर एका जखमेच्या दोन झाल्या असत्या."

नख कापलं, औषध लावलं. आठवडाभरात कवड्या चारही पाय टेकवून आक्काबाईच्या मागे मागे फिरू लागला. जीवरामनेही आपला रिवाज बदलला. कुणी लंगडं जनावर दाखवलं, की तो आधी खूर उचलून बघतो आणि मग दवाखान्याची वाट दाखवतो.

एका सकाळी आक्काबाई आधारला म्हणाली, "कुत्रानं नख सापडनं. मना गुडघानं काय? त्यालेबी वयच सांगस का?"

आधारने गाडी जुंपली आणि आईला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीमागे कवड्याही निघाला होता, त्याला वेशीवरून परत पाठवावं लागलं.

मंडळी, जनावर असो की माणूस, म्हातारं झालं की त्याच्या प्रत्येक दुखण्याला आपण वयाचं नाव देतो आणि मोकळे होतो. वय काही कुणाच्या पायात रुतत नाही. रुततं ते दुसरंच काहीतरी, आणि ते शोधायला आपल्याला खाली वाकावं लागतं.