कुलूप नसलेला ड्राइव्ह

नवीन कारकुनाला टेबल दाखवून तासही झाला नव्हता. आतल्या खोलीत समुपदेशनासाठी आलेल्या बाईने दाराच्या फटीतून त्याला पाहिलं आणि तिने संस्था चालवणाऱ्या ताईंचा हात घट्ट धरला.

"ताई, हा माझा धाकटा दीर," ती कुजबुजली. "माझा पत्ता काढायलाच आलाय हा."

नवऱ्याच्या मारातून सुटून चार महिन्यांपूर्वी ती आईला घेऊन नव्या घरी गेली होती. तिच्यासह एकतीस जणींचे नवे पत्ते संस्थेच्या ड्राइव्हवर होते, आणि तो ड्राइव्ह ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसायचा.

"घाबरू नकोस. ते फोल्डर फक्त मलाच उघडतं," ताई म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी हे कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या दुकानदाराने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं.

तरी खात्री करायला त्या बाहेर येऊन आपल्या कॉम्प्युटरशी बसल्या. फोल्डरची प्रॉपर्टीज उघडली. कोणाला परवानगी आहे ते दाखवणारा 'सिक्युरिटी'चा टॅब तिथे हवा होता. बाकीचे टॅब होते, तोच नव्हता. बंद करून पुन्हा उघडलं. नाहीच. ड्राइव्हची वायरच उपटावी असं त्यांच्या मनात आलं. पण कारकून चार हातांवर बसलेला. त्याला संशय आला असता.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नणंदेला त्यांनी फोन लावला.

"अगं, कपाटाला कुलूपच दिसत नाहीये."

पत्त्यांच्या फोल्डरला ताई कपाट म्हणत, हे नणंदेला ठाऊक होतं. "वहिनी, जवळ कोणी ऐकतंय?"

"हो ना."

"मग नुसतं हो-नाही म्हणा. ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टिमपुढे एनटीएफएस लिहिलंय?"

"नाही."

"फॅट थर्टीटू?"

"हो."

"मग संपलंच! अहो, त्या प्रकारच्या ड्राइव्हवर परवानग्यांची सोयच नसते. टॅब हरवला नाही, तो कधी नव्हताच. दुकानदाराने थाप मारली तुम्हाला. फोल्डर उचला आणि तुमच्या सी ड्राइव्हवर टाका. तिथलं दुसऱ्या कुणाला दिसणार नाही."

ताईंनी फोन ठेवला. म्हणजे दोन वर्षं सगळं उघड्यावरच! त्यांनी फोल्डर हलवायला घेतलं. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. एकेक फाइल गेली. मग पट्टी अडली: ही फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे.

फाइल आतल्या बाईचीच होती.

त्यांनी मान वर केली. कारकुनाने मोबाइल पडद्यासमोरून खाली घेतला आणि तो उठला.

"मॅडम, जरा चहा पिऊन येतो."

"या," ताई म्हणाल्या. आवाज कसा स्थिर राहिला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दार लोटलं गेलं तशा त्या आत धावल्या. "घरी कोण आहे?"

"आई. एकटीच."

"फोन लाव. लगेच बाहेर पड म्हणावं."

"आई, काही विचारू नकोस," ती रडत सांगत होती. "चपला घाल आणि मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे जा. गॅस राहू दे गं! आधी नीघ!"

ताईंनी दुसऱ्या फोनवरून पोलिसांना पत्ता दिला.

पाऊण तासाने नवरा त्या घराचं दार लाथेने फोडत होता, तेव्हा पोलीस जिन्यातच होते. काकूंच्या खिडकीतून म्हातारीने सगळं पाहिलं. कारकून काही चहा पिऊन परतला नाही. दुसऱ्या दिवशी तोही सापडला.

पोलीस आले त्याच दुपारी ताईंनी यादी पुढ्यात घेतली. उरलेल्या तीस जणींना त्या स्वतः फोन करणार होत्या. दुकानदारावर ढकलणं सोपं होतं, पण या बायकांना भरवसा त्यांनीच दिला होता.

"मी ताई बोलतेय," पहिल्या फोनवर त्या म्हणाल्या. "माझ्याकडून एक मोठी चूक झालीय. आधी ऐकून घे, मग हवं तेवढं बोल मला."