चुना वाळेपर्यंत

दसरा झाला की आमच्या गावातली घरं आजारातून उठलेल्या माणसासारखी दिसतात. पावसानं भिंतींचे पोपडे काढलेले असतात. मग जो तो कामाला लागतो. छपराची फुटकी कवेलू बदलायची, शेवाळ खरवडायचं, उधळी म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटींना जळकं तेल पाजायचं आणि उंदरांची बिळं काचा घालून बुजवायची. वेचलेला कापूस लवकरच घरात येणार असतो, आणि उंदरीणबाईंना बाळंतपणाला कापसासारखी जागा दुसरी नाही.

मी कुंदा. नवऱ्याची शाळेत बदली झाली म्हणून महागाव तालुक्यातल्या या गावात आले आणि इथलीच होऊन बसले. दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायची मला खोड आहे, असं आमचे मास्तर म्हणतात. पण खिडकी उघडली की समोर पुंडलिकरावांचं घर. मी काय डोळे मिटून भाजी निवडू?

पुंडलिकराव कमी बोलणारे आणि सगळं हातानं करणारे. दिवाळीआधी चुनखडी ड्रममध्ये भिजवायची, मीठ आणि डिंक घालायचा, चिमूटभर नीळ टाकायची, मग शिडी लावून घर पोतायचं. आख्ख्या गावात त्यांच्या भिंतीसारखी पांढरी भिंत नव्हती. फक्त रस्त्याकडच्या बाजूला मधोमध एक मळका चौकोन होता, धुतलेल्या धोतराला ठिगळ असावं तसा. त्याला पाहून माझं पित्त खवळायचं.

आमच्याकडे लग्न निघालं की घराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात. पहिला दिवाळसण होईपर्यंत ती राहू देतात, त्याच्या पुढच्या दिवाळीला चुना बसतो, नावं जातात, आणि कुणाला वाईट वाटत नाही, कारण तोवर पोरगी सासरी रुळलेली असते. पुंडलिकरावांच्या अर्पिताचं नाव मात्र गेलं नाही. ती पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली आणि जावई तिला न्यायला आलाच नाही.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडणही नव्हतं. गोविंदाचा निरोप यायचा, भाव पडले आहेत, कापूस विकला की येतो. त्या वर्षांत कापसाच्या भावाचं नाव काढलं की समोरच्याचं तोंड बंद व्हायचं. सगळ्यांचीच घरं कापसानं भरलेली असायची, भाव चढेल म्हणून वाट बघत. त्यात अर्पिताही वाट बघत राहिली. कापूस आला, गेला, पुन्हा आला, आणि निरोप तोच.

पुंडलिकराव दरवर्षी नावांना वळसा घालून चुना मारायचे. मग अर्पिताची आई, इंदुताई, वाटीत गेरू कालवून यायच्या आणि पुसट झालेली अक्षरं काडीनं गिरवायच्या. इंदुताई शाळेत गेलेल्या नाहीत, अंगठा लावतात. त्यामुळे 'अर्पिता संग गोविंदा' दरसाल जाड होत गेलं. गोविंदातला गो तर फुगून पोळ्याच्या बैलाएवढा झाला होता.

पुसदला एका दवाखान्यात नर्सबाईचं काम शिकवतात. अर्पिता बारावी झालेली, हात हलका, डोकं शांत. मी दरवर्षी तिच्या मागे लागायचे, तर ती म्हणायची, पाहू काकू, तिकडून घ्यायला आले आणि मी घरी नसले तर? या वर्षीचे वर्ग दिवाळीनंतर सुरू व्हायचे होते आणि तिचं 'पाहू' काही संपत नव्हतं. अशानं ही पोर जन्मभर ओट्यावर तांदूळ निवडत बसणार, याची मला भीती वाटायची आणि रागही यायचा.

यंदा पुंडलिकराव चुनखडी आणायला महागावला गेले. परत आले, थैली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि ड्रम भरायला लागले. सकाळी शिडी लागली. मी खिडकीतच होते. कुंचा वरून खाली, वरून खाली येत चौकोनापाशी पोचला. पण या वेळी त्यांनी वळसा घेतला नाही. ते खाली उतरले आणि लोखंडी घासणीनं नावांभोवतीचं शेवाळ खरवडू लागले.

इंदुताई गेरूची वाटी घेऊन धावत आल्या. तेवढं राहू द्या म्हणाल्या. अशुभ असतं म्हणाल्या. लोक काय म्हणतील, हेही म्हणून झालं. मी तोवर रस्ता ओलांडून ओट्याशी पोचले होते.

पुंडलिकरावांनी घासणी खाली ठेवली.

"गोविंदा भेटलता बजारात," ते म्हणाले. "रिकाम्या गाडीले टेकून उभा होता. मागच्या सालचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर इकून झालता त्याचा. आन् मले म्हने, मामाजी, कापूस इकला की येतो घ्याले."

इंदुताई वाटी धरून तिथंच खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी पोरीसाठी जपून राह्यली होती. पुसलं तर तिले वाटन, मायबापानं आशा सोडली."

अर्पिता दारात उभी होती. बाजारातलं तिनंही ऐकलं होतं. पण तिचं लक्ष बापाकडे नव्हतं, आईकडे होतं.

"मी तुह्यासाठी चूप होती, माय," ती म्हणाली. "तू दरसाल गिरवत होती. मले वाटे, तुलेच पाह्यजे."

तीन वर्षं या मायलेकी एकाच घरात, एकाच चुलीपाशी, एकमेकींसाठी तो मळका चौकोन सांभाळत बसल्या होत्या.

अर्पितानं पदर खोचला, कुंचा चुन्यात बुडवला आणि नावांवरून फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा. पण ओला चुना म्हणजे नुसतं पाणी. अक्षरं आतून तशीच्या तशी दिसत राहिली, उलट धुतल्यासारखी ठळक झाली. इंदुताई लगेच म्हणाल्या, बघा, जात नाही, देवाच्याच मनात नाही.

"वाळू दे," पुंडलिकराव म्हणाले.

मग आम्ही ओट्यावर बसलो. मी चहा केला, त्यांच्याच चुलीवर. ऊन भिंतीवर चढत गेलं तसा चुना वाळू लागला आणि पांढरा होऊ लागला. आधी अर्पिताचं नाव गेलं. ते बघून चर्र झालं मला, खोटं कशाला बोलू? गोविंदा जाड, तो मागे राहिला. त्याला आणखी दोन हात द्यावे लागले. ते अर्पितानंच दिले. उन्हं कलली तेव्हा भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी होती. उरलेल्या गेरूचा इंदुताईंनी खालून पट्टा ओढला, सरळ, मधे कुठेही न थांबता. घरात जाताना अर्पितानं मला पुसदच्या गाडीची वेळ विचारली.

दिवाळी झाल्यावर तिला एसटीत बसवायला आम्ही सगळे थांब्यावर गेलो. मास्तरांनी पुढे होऊन तिची लोखंडी पेटी उचलली. पेटीच्या झाकणावर लाल ऑइलपेंटनं नाव घातलेलं होतं. पेंटरनं घातलेलं नव्हतं, ते लांबूनच कळत होतं. अक्षरं जाडजूड, वेलांटी वाजवीपेक्षा मोठी. मी इंदुताईंकडे पाहिलं तर त्यांनी बोटांना लागलेला लाल रंग पदराआड घेतला.

"गिरवून गिरवून तेवढं एक लिव्हता याले लागलं मले," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाकून पाहिलं. झाकणावर नुसतं 'अर्पिता' होतं, आणि त्या अक्षरांखाली गिरवायला आधीचं काही नव्हतं.