जिन्याखालची पेटी

जिन्याखालच्या कपाटातून बोलतेय मी, पत्र्याची पेटी. तोरलेइफच्या नावेवर होते, तेव्हा माझ्यात गळ आणि दोर असायचे. तो वारला आणि त्याच्या बायकोनं, गुनवोरनं, मला घासूनपुसून घरात घेतलं. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला, वीज गेली तर हाताशी असावं म्हणून तिनं माझ्यात मेणबत्त्या, काड्यापेटी, पाण्याच्या बाटल्या, सुका मासा, कडक पाव आणि एक स्लीपिंग बॅग भरली. सगळं एकटीपुरतं.

मग झाकण लागलं. अंधार.

ऐकू मात्र सगळं येतं. वारा घोंघावला की वाटायचं, आता मला उघडतील. लगेच लाजही वाटायची, कारण मला उघडायचं म्हणजे घरावर संकट यायला हवं.

जानेवारीत गुनवोरची नणंद बोर्गहिल्ड खाडीपलीकडून भांडायला आली. गुनवोरनं नवऱ्याची नाव विकायला काढली होती. "थडग्यावरची माती अजून बसली नाही, आणि तू त्याची नाव विकतेस?" तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. तोवर बाहेर बर्फानं रस्ता गिळला होता. संध्याकाळी वीजही गेली. लाकडं जाळायची शेगडी तोरलेइफनंच केव्हाची काढून टाकलेली; घर विजेवरच तापायचं. घर बघता बघता गार पडलं.

माझं झाकण उघडलं. गुनवोरनं मासा-पाव पुढे केला, बॅगही देऊ केली. बोर्गहिल्डला तिच्या घरचा घासही नको होता. कोट घट्ट ओढून ती खिडकीशी ताठ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं कुडकुडणं थांबलं. गुनवोरला आधी हायसं वाटलं. पण नणंदेची जीभ जड होऊन शब्द अडखळायला लागले, तशी ती हबकली. कुडकुडणं थांबलं की थंडी जिवावर बेतते, हे इकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

"वन्सं, उठा. भांडायला तरी जगा."

तिनं बोर्गहिल्डला ओढत बॅगेत घातलं आणि स्वतःही आत शिरली. चेन अर्ध्यावर अडली. दोघींना कूस बदलायलाही जागा उरली नाही.

बऱ्याच वेळानं बोर्गहिल्ड पुन्हा कुडकुडायला लागली, आणि बोलायलाही. "का विकतेस गं?"

"सकाळी ओट्याशी उभी राहिले की खिडकीतून नाव दिसते. क्षणभर वाटतं, हे आले. रोज तेच, वन्सं. नाही सोसवत."

बोर्गहिल्ड म्हणाली, "पलीकडून मी रोज तिलाच बघते. ती दिसेनाशी झाली, तर तो गेला हे मला खरं मानावं लागेल."

दोघींना रडू आलं. तोंड फिरवायची सोय नव्हती.

बर्फ काढणारी गाडी आली, तेव्हा दोघींनी मिळून दार ढकललं. वसंतात ती नाव खाडी ओलांडून बोर्गहिल्डच्या दारात गेली.

आता पानगळ सुरू झाली की गुनवोर मला उघडते, पाणी बदलते. त्या दिवशी बोर्गहिल्ड हटकून येते आणि मासा खवट झाला म्हणून नाक मुरडते. दोघी माझ्यापाशी बसून मनसोक्त वाद घालतात.

मग पुन्हा झाकण, पुन्हा अंधार. कोंडल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण माझी कीव करू नका. वर्षातून एकदा मला उघडा, काय कमी ते भरा, आणि निर्धास्त बंद करा. मी अंधारात आहे, म्हणजे वर त्यांचा दिवा चालू आहे.