दिलगिरीबाईंचा अर्ज

नोकरी मागायची म्हणजे नेमकं कसं बोलायचं, हे मला सत्तेचाळीस वर्षांत कुणी शिकवलं नाही. आणि आता ज्यानं त्यानं शिकवायला घेतलंय. डोक्याचा पार भुगा झालाय.

पहिली नोकरी लागली तेव्हा असली पत्रंबित्रं नव्हती. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "अक्षर कसं आहे?" मी दोन ओळी लिहून दाखवल्या. "उद्यापासून या," म्हणाले. तेव्हापासून तक्रार विभागात जी बसले ती थेट गेल्या महिन्यापर्यंत. लोकांच्या तक्रारी यायच्या, मी उत्तरं लिहायची. पाणी गढूळ आलं, पाणी आलंच नाही, तुमच्या माणसानं खणलेला खड्डा तसाच पडलाय. प्रत्येक तक्रारीला माफीची ठरलेली पायरी होती. एखाददुसरा दिवस नळ कोरडा राहिला तर 'खेद'. आठवडा गेला तर 'दिलगिरी'. कुणी खड्ड्यात पडलं तर 'मनःपूर्वक दिलगिरी', पण त्याला साहेबांची सही लागायची. मनःपूर्वक काही करणं माझ्या अधिकारात नव्हतं. ऑफिसात सगळे मला दिलगिरीबाई म्हणायचे आणि मीही ओ द्यायचे.

मग मशीन आलं. लोक तक्रार टाइप करतात, मशीन तिथल्या तिथं दिलगिरी व्यक्त करतं, वर चहाही मागत नाही. मला फुलं दिली आणि एक पत्र दिलं, 'आपल्या सेवेची गरज उरली नसल्याबद्दल खेद वाटतो.' नुसता खेद! इतकी वर्षं राबून माझी किंमत एक दिवस बंद पडलेल्या नळाएवढी! मी ते पत्र तिथल्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकलं आणि फुलं घरी आणली.

नोकरी गेल्याचं एकवेळ सोसलं असतं, पण प्रश्न आईचा होता. आई माझ्याकडे राहते. दोन खोल्या, तिसरा मजला, आम्ही दोघी. मी लग्न केलं नाही. दादानं केलं, त्याचं दुसऱ्या शहरात मोठं घर आहे. दादा वाईट नाही. उलट फार चांगला आहे, त्याचाच तर वैताग. त्यानं फोन करून शांतपणे सांगितलं, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत तुझं कुठं जमलं तर ठीक. नाहीतर मी आईला इकडे घेऊन येतो. तुझं एकटीचं भागेल कसंबसं, तिचं औषधपाणी कुठून करणार तू?" यावर मी काय बोलणार, कप्पाळ? बोलणं बिनतोड होतं. पण आईशिवाय या घरात मी करू काय? सकाळी उठून भांडायचं तरी कुणाशी?

तेवढ्यात ती जाहिरात दिसली. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीला ग्राहकांशी बोलायला माणूस हवा होता. माणूसच हवा होता, कारण लिफ्टमध्ये अडकलेल्याशी मशीन बोललं की तो जास्तच घाबरतो म्हणे. मला तर देवच पावला. पण खाली लिहिलं होतं, 'अर्जासोबत एक पत्र जोडा. छापील भाषा नको. तुम्ही कोण आहात ते आम्हाला कळू द्या.'

झालं. इथंच माझं घोडं अडलं.

दुपारी कागद घेऊन बसले. आई खिडकीशी बसून जुने अभ्रे उसवत होती. मी सटासट लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "महोदय, आपल्याला हा अर्ज वाचण्याची तसदी घ्यावी लागत असल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्याकडील रिक्त जागेची नोंद घेण्यात आली असून, त्याबाबत लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

आईनं मान वर केली. "हे कुणी लिहिलंय?"

"मी. अजून कोण?"

"मग हे 'आम्ही' कोण? आपल्याकडे आणखी कुणी राहायला आलंय का?"

मी कागद चुरगळला. हात आपोआप चालतो त्याला मी काय करू? नोकरी मागतानासुद्धा मी त्यांची माफी मागून मोकळी झाले होते.

मग भाचीला फोन लावला, दादाच्या मुलीला. ती शिकलेली, अशा पत्रांमधली पटाईत. "आत्या, असं रडकं नाही लिहायचं गं! जोश पाहिजे. तू स्वतःला विकतेयस असं समज." म्हटलं, बाई, मी काय सोफा आहे का? तरी तिनं तत्परतेनं मजकूर पाठवला. 'मी एक ध्येयवेडी, ऊर्जेनं भरलेली, आव्हानांवर प्रेम करणारी व्यक्ती आहे.' सत्तेचाळिसाव्या वर्षी ध्येयवेडी! त्यातलं ध्येय कुणाला दिसायचं नाही, वेडी तेवढी दिसेल. आणि आव्हानांवर प्रेम कोण करतं? आव्हान आलं की माझं पोट बिघडतं.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे हेडक्लार्क आले, निवृत्त होऊन जमाना झाला पण अजून सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणतात. भाचीचा मजकूर वाचून त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे काय? वरिष्ठांसमोर एवढी छाती काढून उभं राहायचं नसतं. लिहा, 'सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार अत्यंत गरजू असून, तिच्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' आणि खाली 'आपली आज्ञाधारक'."

"आज्ञाधारक? अजून त्यांनी आज्ञा कुठं केलीय?"

"आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

ऑफिसातली टायपिस्ट माझ्याबरोबरच घरी बसली होती, तिला मात्र एका दवाखान्याच्या काउंटरवर काम मिळालं होतं. तिचं म्हणणं तिसरंच. "कोण वाचतंय एवढं? नाव, काम, फोन नंबर. तीन ओळींत आटप."

आता मला सांगा, यातलं खरं कोण? छाती काढायची, की मान खाली घालायची, की तोंडच उघडायचं नाही? शेवटी मी सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन एक पत्र केलं. त्यातली बाई ऊर्जेनं भरलेली होती, अत्यंत गरजू होती, आज्ञाधारक होती आणि तीन ओळींत संपत होती. वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "या बाईला मी ओळखत नाही. घरात घेऊ नकोस."

"मग तूच सांग ना काय लिहू!" मी ओरडलेच.

"मला काय विचारतेस? मी कधी अर्ज केलाय?" ती पुन्हा अभ्र्यात डोकं घालून बसली.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेला तो जोश आणि खड्ड्यात गेली ती सहानुभूती. जे आहे ते लिहायचं. आणि एका बैठकीत लिहून काढलं.

'मी पाण्याच्या ऑफिसात तक्रारी वाचायचे. माणूस चिडून लिहितो तेव्हा बहुतेकदा तो घाबरलेला असतो, एवढं मला या कामात कळलं. पाणी नाही म्हणून शिव्या घालणाऱ्या बाईला खरं तर घरात तान्हं बाळ आहे हे सांगायचं असतं. आमच्याकडे आधी उत्तर जायचं आणि मग चौकशी व्हायची, अशीच पद्धत होती. मला ती कधी पटली नाही. मी जमेल तेव्हा लोकांना आधी फोन करून विचारायचे, नक्की काय झालंय, तुम्हाला काय हवंय. त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली. मला ही नोकरी हवी आहे, कारण ती नसेल तर माझ्या वृद्ध आईला हे घर सोडून जावं लागेल आणि तिला ते सहन होणार नाही.'

लिहून झालं आणि मला रडूच आलं, इतकं ते मला आवडलं. या वेळी वाचून नाही दाखवलं, कागदच आईच्या हातात दिला. तिनं भिंग काढलं आणि ओळीवर ओळ सरकवत सावकाश वाचलं. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"शेवटचं खोड," ती म्हणाली.

"का? तेच तर खरं आहे."

"मला सहन होणार नाही, हे तुला कोण म्हणालं?"

"म्हणजे? हे काय सांगायला लागतं?"

"त्या पाणीवाल्या लोकांना फोन करून विचारायचीस, तुम्हाला काय हवंय. इथं लिहिलंयस तू. मला विचारलंस?"

मी तिच्या हातातून कागद काढून घेतला.

"तो मला न्यायला धडपडतो, तू मला ठेवायला धडपडतेस," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानं तर मला जास्त धडकी भरली. "फोनवर तुम्ही दोघं माझं ठरवता आणि मी इथं अभ्रे उसवत बसते. मी काय कपाट आहे? हिच्या खोलीत ठेवा नाहीतर त्याच्या."

"म्हणजे तुला दादाकडे जायचंय?"

"असं म्हटलं का मी?"

"मग इथंच राहायचंय?"

"तसंही नाही म्हटलं. त्याचं घर जमिनीवर आहे, दार उघडलं की बाहेर. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला जातात. आणि सूनबाई इतकी गोड बोलते की भांडायची सोय नाही. मी विचार करतेय. मला करू दे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? हिच्यासाठी मी जिवाचं रान करतेय आणि ही विचार करतेय! स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली. हातातला तांब्या आपटून झाल्यावर लक्षात आलं की मला राग कमी आणि रडू जास्त येतंय. नोकरी मिळाली की आई राहणार, असं मी धरूनच चालले होते. आता नोकरी मिळूनही ती गेली तर?

बाहेर येऊन मी शेवटची ओळ खोडली. पत्र एकदम उघडं पडलं. साहेबांची बोलणी खाल्ली, आणि पुढं काहीच नाही.

"आता नोकरी कशाला हवी म्हणून लिहू?" मी विचारलं.

"तुला कशाला हवी?"

इतकी वर्षं मी रोज कामावर गेले, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग लिहिलं, 'मला हे काम येतं. गेला महिनाभर माझ्यावर कुणी चिडलेलं नाही आणि मला करमत नाही.' हे विनंतीत बसतं की बढाईत, मला आजही कळलेलं नाही. खाली नुसतं नाव घातलं आणि धाडकन पाठवून दिलं.

दोन-तीन दिवसांनी त्या कंपनीतून फोन आला. बाई म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचून आम्ही इथं फार हसलो. उद्या भेटायला याल का?" मी हो म्हटलं आणि मग दिवसभर विचार केला, हसलो म्हणजे चांगलं हसलो, की तसलं? भाची म्हणाली चांगलं. हेडक्लार्क म्हणाले, ऑफिसात हसणं हे केव्हाही चिंताजनक. दादाचा फोन आला, तो आईनं घेतला. "माझं अजून ठरलं नाही रे," तिनं त्याला सांगितलं. "ठरलं की कळवीन." दादा पलीकडे किती तरी वेळ हॅलो हॅलो करत होता.

मुलाखतीला निघताना मी दारात थांबले. म्हटलं, "आई, तुझं काय ठरतंय?" आणि तिच्या वतीनं काही न बोलता गप्प उभी राहिले. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"ठरतंय अजून," ती म्हणाली. "तू ये जाऊन. आणि नोकरी मिळाली तर तुझ्यासाठी घे, माझ्या नावावर घेऊ नकोस."

मी जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आपोआप पाय थांबले. बाजारातून येताना आई नेहमी इथं थांबते. "थांब गं, पिशवी या हातातली त्या हातात घेते," म्हणते. आणि मी वरून ओरडते, चल लवकर, मला दार उघडून उभं राहायला लावू नकोस. तशीच उभी राहिले आणि वर बघितलं. पिशवीत असायचं काय, पाव किलो काहीतरी आणि तिचा चष्मा. जड सामान तर सगळं मीच आणते. तिला दम लागायचा. माझ्याच घराच्या जिन्यात, माझ्या डोळ्यांदेखत, तिला दम लागायचा.

भेटीला उशीर होत होता. तरी मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले, कारण पुढं उतरायचं की परत वर जायचं, हेच मला कळेना.