पानाच्या तळाशी नाव

प्रकाशकबाईंचा फोन आला तेव्हा मी ताईच्या उशाशी बसलो होतो. उठून स्वयंपाकघरात गेलो. कुणी ऐकत असलं की फोनवर माझी जीभ अडखळते; नसलं तरी अडखळतेच.

"काका, तुमचं ई-पुस्तक फुकट फिरतंय. मी फाइलला कुलूप लावू म्हणत होते. तुम्हीच म्हणालात, पानाच्या तळाशी विकत घेणाऱ्याचं नाव असलं की पुरे, लाजेखातर कुणी वाटणार नाही."

"हो, म्हणालो होतो."

"नाही लाजलं कुणी." त्यांनी तळाचं नाव वाचून दाखवलं. ताईचं होतं, सासरच्या आडनावासकट. "ओळखता?"

"जरा... विचारून सांगतो."

"आजच सांगा. नाहीतर त्यांचं खातं बंद होईल. घेतलेली सगळी पुस्तकं जातील."

खुब्याचं हाड मोडल्यापासून ताई अंथरुणाला खिळली आहे. छापील पुस्तक तिला पेलत नाही. पोटावरच्या उशीला टेकवलेला टॅब, त्यात बोटाएवढी केलेली अक्षरं. दिवस त्यावरच निघतो.

"ताई, माझं पुस्तक कुणाला पाठवलंस का?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना!" तिचा चेहरा उजळला. "शाळेतल्या मैत्रिणी, नणंदा, तो औषधवाला. तू पडलास मुखदुर्बळ, स्वतःहून सांगशील तर शपथ! म्हटलं, आपणच डंका पिटावा."

"वाचलं कुणी?"

"वाचतील रे. घाई काय आहे?"

रागवावंसं वाटलं. पण मी लिहिलं ते कुणी वाचावं म्हणून, की विकत घ्यावं म्हणून, हेच मला धड सांगता येईना.

पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. "त्या बाईंचा दोष नाही. त्यांची प्रत माझ्याकडे होती. मीच पाठवली."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं! बरं, त्यांचं खातं राहू दे. पण तुमचं दुसरं पुस्तक आता आमच्याकडून नाही व्हायचं, काका."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं. कुलूप असतं तर ताईला ते पाठवताच आलं नसतं आणि दुसरं पुस्तक निघालं असतं. इतकं सरळ असून मला ते पटत का नाही, कळेना.

बाहेर आलो. ताई चष्मा नाकावर चढवत पान उलटत होती.

"तुझं दुसरं कधी येतंय? या वेळी आधी मला पाठव हं!"

"पाठवतो," म्हणालो, आणि तिची घसरलेली उशी सारखी केली.