उणे नऊशे नव्व्याण्णव

थोरलीने एंटर दाबलं आणि पडद्यावर आलेख उमटला. सगळा नीट, फक्त एका जागी रेघ विहिरीत पडल्यासारखी थेट खाली गेलेली.

"काहीतरी घोळ झालाय," ती म्हणाली.

आईचं लक्ष नव्हतं. सकाळचे आठ वाजायला आले होते आणि ती दाराला कडी घालत होती. नवरा जाऊन वर्ष झालं, तरी रोज आठला समोरच्या कुंपणाचं फाटक करकरतं आणि त्यांची पावलं दाराशी येऊन थांबतात, असं ती सांगे. थोरलीला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

"तुझ्या बापाला आत घ्यायचं नाही मला," आई नेहमीसारखं म्हणाली.

त्या कुंपणात तापमापक असे. वडील हवामान खात्याचे निरीक्षक. एकतीस वर्षं रोज सकाळी आठची नोंद त्यांची. खात्याने जुन्या नोंदी आता सर्वांना खुल्या केल्या होत्या. थोरलीने लिहिलेल्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, खात्याच्या सर्व्हरकडे एकेक वर्ष मागायचं, की ते हजर. थोरलीला बाबांची आठवण म्हणून तो आलेख भिंतीवर लावायचा होता, आणि आईला तेच सलत होतं.

कारण आकड्यांपायी या माणसाने पोटच्या पोराला वाऱ्यावर सोडलं, ही तिच्या मनातली काळ्या दगडावरची रेघ. धाकटा तापाने फणफणला होता. ती पहाटेच डॉक्टरांना आणायला धावली, आणि आठ वाजून गेल्यावर परतली तेव्हा सगळं संपलं होतं. उशाशी बसलेल्या नवऱ्याचे बूट दवाने भिजलेले. म्हणजे त्या दिवशीही आठची नोंद चुकवली नव्हती. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढची वीस वर्षं एका छपराखाली दोघं कामापुरतंच बोलली.

थोरलीने त्या खड्ड्यातली तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"आई, जरा इकडे ये. हा आकडा बघ. उणे नऊशे नव्व्याण्णव."

"एवढी थंडी कुठे पडते?"

"थंडी नाही गं. नोंदच नसली की खातं तिथे हा आकडा भरतं. तो आधी गाळायचा असतो, मी विसरले." तिने तारखेवर बोट ठेवलं. "एकतीस वर्षांत एकदाच आलाय. धाकटा गेला त्या दिवशी. बाबा तापमापकाकडे गेलेच नव्हते."

आई पडद्याशी वाकली.

"मग बूट कशाने भिजले?"

आई खिडकीशी गेली. दारापासून सडकेपर्यंत नुसतं गवत होतं, आणि ते अजून ओलं होतं.

"मी आले का, ते बघायला जात असतील सडकेपर्यंत," ती सावकाश म्हणाली. "किती खेपा घातल्या असतील, कोण जाणे."

बाहेर फाटक करकरलं. या वेळी थोरलीनेही मान वर केली.

आईने पदराने तोंड पुसलं, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"या," ती म्हणाली. "बूट ओले असले तरी चालतील."