चार नंबरची बोअर

तीन महिने झाले, चार नंबरची बोअर रसिकाला छळत होती. बोअर होती दूरदेशी, एका जुन्या ज्वालामुखीचा माथा खचून झालेल्या प्रचंड खळग्यात. तिथल्या जमिनीखालच्या उष्णतेवर किती वीज निघेल, याचा हिशोब तिची पुण्यातली संस्था करत होती. अकरा बोअर तिच्या गणिताशी जुळत होत्या. चौथी मात्र शेजारणींपेक्षा सहा अंशांनी गरम. का, ते कळेना.

तारकर्लीला सुट्टीवर येतानाही तिने लॅपटॉप आणला होता. सकाळपासून तिसऱ्यांदा उत्तर चुकलं, तेवढ्यात परसातून बाबांची, म्हणजे दाजींची, हाक आली.

"रसिका गो! बोअरीक गरम पाणी इला! खाली तुझो ज्वालामुखी आसा!"

"बाबा, हयसर ज्वालामुखी नाय. कितीदा सांगू?"

"मगे हात लावन बघ!"

वैतागून ती गेली. पाणी खरंच गरम होतं. कुंपणाशी शेजारची हिराकाकी उभी होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत ही बातमी मालवणात जाणार. रसिकाने बादलीत थर्मामीटर बुडवला. एकेचाळीस. दहा मिनिटं पाणी वाहू दिलं. एकोणतीस.

"मोटर कधी चालू केलास?"

"मगाशीच. मगे चाय पिऊक गेलंय."

"आणि कॉक?"

दाजींनी डोकं खाजवलं. ते चहा पिऊन येईपर्यंत कॉक बंदच होता. अर्धा तास मोटर तेच पाणी घुसळत, तापवत बसली होती.

"मोटर जळली असती, बाबा! एवढा साधा कळत नाय?"

ओशाळलेल्या दाजींनी मोटर बंद केली. मग म्हणाले, "तुमच्या त्या खळग्यात पण कोणी मोटर चालू ठेवन चाय पिऊक गेलो नाय मां?"

"तिकडे शास्त्रज्ञ असतत!" ती फणकारली आणि घराकडे वळली. पायरीवर मात्र तिचा पाय अडखळला.

तिने संस्थेतल्या यतीनला फोन लावला. मोजमापं करायला तोच तिकडे गेला होता.

"चार नंबरमध्ये पंप आहे का रे?"

"हो, फक्त तिथेच. पाण्याचे नमुने काढायला."

"आणि तापमान कधी घ्यायचास?"

"पंप बंद केला की लगेच. का गं?"

"लगेच? नोंदवहीत का नाही लिहिलंस?"

"कोणी विचारलंच नाही."

म्हणजे तो आकडा जमिनीचा नव्हता, पंपाने तापवलेल्या पाण्याचा होता. विचारायला हवं होतं, ते तिनेच. तीन महिने तिने जमिनीखाली भेगा कल्पिल्या, मार्गदर्शकांशी भांडली आणि एक साधा प्रश्न विचारला नाही. चार नंबर वगळून तिने गणित पुन्हा चालवलं. पहिल्याच फेरीत जुळलं. उष्णतेचा अंदाज बराच खाली आला, आणि त्या भेगा धरून गेल्या आठवड्यात पाठवलेला शोधनिबंध आता परत मागवावा लागणार होता. आनंद व्हायचा सोडून तिला रडू आलं.

मार्गदर्शकांना पत्र लिहायला बसली, तर दारात हिराकाकी.

"रसिका, दाजी सांगी होते, तू बोअरी तपासतंस. आमच्या पाण्याक वास येता गो."

रसिकाने डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि चपला शोधायला उठली.